ब्लाऊजची चित्रं

कॉम्प्युटरचं बटण दाबून संयोगिता स्वयंपाकघरात जायची. चहा टाकायची, सासूला द्यायची, स्वतःचा पिऊन कप विसळून यायची, तेव्हा कुठं पडद्यावर काहीतरी उमटलेलं असायचं. मग ती डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडायची आणि पुन्हा हनुवटीला हात लावून वाट बघत बसायची.

हा कॉम्प्युटर तिचा होता. कॉलेजला असताना वडिलांनी घेऊन दिलेला, लग्नानंतर फलटणहून उंब्रजला तिच्याबरोबर आलेला. त्यावर ती ब्लाऊजच्या कशिद्याची डिझाईन्स करायची. पुढच्या खोलीत तिचं एम्ब्रॉयडरीचं मशीन होतं. मशीन पाठीवर मोर काढतं, बाहीवर वेल काढतं, पण त्याला स्वतःचं डोकं नसतं. सुई कुठं शिरणार, कुठं वळणार, कुठं धागा तोडून दुसरा रंग घेणार, हे सगळं आधी पडद्यावर टाका-टाका मांडून द्यावं लागतं. एक मोर मनासारखा बसवायला कधी कधी आठवडा जायचा. बाजारात तयार डिझाईन्स मिळतात, पण संयोगिता ती वापरत नसे. तिची मोराची मान वेगळी, तिच्या वेलीचं वळण वेगळं. कराडच्या, साताऱ्याच्या बायका नुसत्या पाठीकडं बघून ‘हा उंब्रजचा ब्लाऊज’ म्हणायच्या.

मोठं डिझाईन उघडलं की कॉम्प्युटर अडकायचा. धाग्याचा रंग बदलला की पडदा गोठायचा, आणि कधी कधी सगळं बंद पडून सकाळभराचं काम जायचं. संयोगितानं त्याचा अभ्यास केला होता. डब्याची बाजू खोलून आत बघितलं होतं. मेमरीची एक खाच रिकामी होती. हार्डडिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी होती. तिनं नवऱ्याला, धैर्यशीलला, सांगितलं होतं की एक जादा रॅम टाकून आणा आणि एक एसएसडी, नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवून आणा, जुनी डिस्क तशीच आत राहू दे. धैर्यशील कराडला एका पतसंस्थेत अधिकारी होता. कॉम्प्युटरचं दुकान त्याच्या रोजच्या रस्त्यावर होतं.

तो ‘बघू’ म्हणायचा. मग रविवारी व्हिडिओ बघून स्वतःच उपाय करायचा. नको असलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या, चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले. त्यानं थोडा फरक पडला, तिनं तसं सांगितलंही. त्याला जोर आला. त्यानं स्पीड वाढवणारं म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यानंतर डिझाईनच्या मध्येच जाहिराती उघडायला लागल्या. ते काढून टाकायला संयोगिताची एक दुपार गेली. रॅमचा विषय तिथंच राहिला. असं दोन वर्षं चाललं.

मग धैर्यशीलला शेअर बाजाराचा नाद लागला. सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो कॉम्प्युटरवर आलेख उघडून बसायला लागला. एके दिवशी आलेख अडकला. भाव हलत होता आणि पडदा हलत नव्हता. त्यानं माऊस आपटला. हे मशीन हाय का डबडं हाय, म्हणाला. संयोगिता दारात उभी होती.

त्याच आठवड्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं म्हणून ती फलटणला गेली. चार दिवस राहून परत आली तेव्हा धैर्यशील खुशीत होता. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यानं तिला कॉम्प्युटरसमोर नेलं आणि बटण दाबायला सांगितलं. तिनं दाबलं. खुर्ची ओढून बसेपर्यंत पडदा तयार होता.

तिला आनंद झाला. खरोखर झाला. नवरा आपलं ऐकत नाही असं म्हणत होते, पण ऐकलं बाई, असं तिच्या मनात आलं. तिनं त्याच्याकडं वळून बघितलं आणि हसली. मग माऊस हातात घेतला आणि आपलं फोल्डर शोधायला लागली.

फोल्डर नव्हतं. डिस्कच्या दुसऱ्या भागात त्याची प्रत ठेवलेली असायची, तर तो भागच नव्हता. सगळं कोरं होतं. पडद्यावर एकच चिन्ह होतं, शेअरच्या आलेखाचं.

“माझं काम कुठंय?” तिनं विचारलं.

धैर्यशील म्हणाला की असंल की त्यातच, नीट बघ. मग म्हणाला, दुकानदारानं सगळं नव्यानं टाकलंय, म्हणून तर एवढा पळतोय. मग ती जुनी डिस्क कुठं आहे असं तिनं विचारल्यावर म्हणाला की ती दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतली, जुन्या डिस्कचं आपल्याला काय करायचं होतं.

संयोगिता उठली आणि मशीनजवळच्या पेनड्राईव्हमध्ये बघून आली. शेवटची मोजकी डिझाईन्स होती, तीही मशीनला समजेल एवढ्याच रूपात, ज्यात पुन्हा फेरफार करता येत नाही. लग्नानंतरचं बाकी सगळं काम त्या डिस्कमध्ये होतं. फलटणची सृष्टी नावाची एक नवरी मुलगी होती, तिच्या शालूवरच्या ब्लाऊजची पाठ तर फक्त पडद्यावरच तयार होती, मशीनवर चढायची होती.

सासूबाई, विजयमाला, म्हणाल्या की आधी जेवून घे, सकाळी फोन करून मागव. संयोगिता जेवली नाही. सकाळी धैर्यशील ऑफिसला निघाला तेव्हा ती आधीच मोटारसायकलजवळ उभी होती.

कराडला दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. दुकानदार शिवतेज धैर्यशीलच्या ओळखीचा. रस्ताभर संयोगिताच्या मनात या माणसाविषयी आग होती. न विचारता दुसऱ्याचं काम पुसून टाकणारा हा कोण, हेच ती घोकत आली होती. गेल्या गेल्या तिनं ते त्याला विचारलं. आवाज चढलेला होता. दुकानातली पोरं बघायला लागली.

शिवतेजनं आधी धैर्यशीलकडं बघितलं. मग तिच्याकडं.

“मी इचारलं होतं वहिनी,” तो म्हणाला. “दोनदा इचारलं. आतलं काय काढून ठेवायचं हाय का म्हणून. साहेब म्हणाले, त्यात काय न्हाई, बायकोची ब्लाऊजची चित्रं हायत. टाक पुसून.”

दुकानात पंखा फिरत होता. धैर्यशील म्हणाला, “आवं, मला वाटलं मोबाईलमध्ये असत्यात ती.” हे तो शिवतेजला म्हणाला, तिला नाही.

संयोगिताला वाटलं आपण आता रडू. पण रडू आलं नाही. ती शिवतेजला शांत आवाजात म्हणाली की माझं चुकलं, तुमच्यावर उगाच ओरडले. डिस्क कुठं आहे तेवढं सांगा.

जुन्या डिस्क तो सांगलीच्या रसूलला द्यायचा. रसूल सीसीटीव्ही बसवायचा धंदा करायचा आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवायला अशा डिस्क वापरायचा. शिवतेजनं फोन लावून दिला. रसूल म्हणाला की डिस्क बसवून झाली, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत. या, बघू काय होतंय ते.

धैर्यशीलनं ऑफिसला कळवलं आणि गाडी सांगलीच्या रस्त्याला घातली. एरवी ती मागं बसली की त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. त्या दिवशी तिनं सीटमागची लोखंडी दांडी धरली. इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं जाताना तो दोन-तीनदा काहीतरी बोलला. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं. तिला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणत होता की एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे.

तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. दोन वर्षं मी मागत होते तेव्हा दुकान वाटेवर असून लांब होतं. याचा आलेख एकदा अडकला आणि दुकान जवळ आलं. मी घरात असते तर डिस्क हलू दिली नसती, म्हणून मी नसताना नेली का? नाही, तेवढाही विचार त्यानं केला नसेल. त्यानं मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. याच्या डोक्यात तिथं काही नव्हतंच. हे जास्त वाईट होतं.

रसूल पन्नाशीचा, दाढी राखलेला, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं लॅपटॉप घेतला, पुढं स्कूटर घातली आणि दोघांना मार्केट यार्डात घेऊन गेला. हळदीचे सौदे चालू होते. ओळीनं पोती उघडी होती, माणसांच्या कपड्यांवर, पापण्यांवर पिवळी धूळ होती. अडतीचा मालक बिराप्पा गादीवर बसून दोन फोनवर एकदम बोलत होता. कॅमेरे बंद करायचे म्हटल्यावर तो तयार होईना. सौदा चालू असताना एखादं पोतं हललं तर जबाबदार कोण, म्हणाला. दुपारनंतर या.

“आमी हितंच बसतो,” संयोगिता म्हणाली आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली.

बिराप्पानं तिच्याकडं बघितलं. त्यानं रसूलला हळूच विचारलं की बाईचं काय हरवलंय. रसूलनं सांगितलं. मग बिराप्पानं गड्याला हाक मारून तिला पाणी द्यायला लावलं आणि सौदा संपताच स्वतः उठून कॅमेऱ्यांचा डबा ठेवलेल्या कपाटाची किल्ली दिली.

डिस्क बाहेर काढण्याआधी रसूलनं तिच्यातलं रेकॉर्डिंग पडद्यावर लावून बघितलं. पडद्याचे चौकोन झाले होते. एका चौकोनात पोती. एका चौकोनात रिकामं दार. एका चौकोनात वजनकाटा, त्यावर एक मांजर झोपलेलं. रात्रीचं, दिवसाचं, सगळ्या वेळचं रेकॉर्डिंग एकावर एक चढत गेलेलं.

“ताई, खोटं सांगत न्हाई,” रसूल म्हणाला. “नुसतं पुसलेलं असतं तर परत आलं असतं. पण ह्याच्यावर लिवलं गेलंय. कॅमेरा थांबत न्हाई, चोवीस तास लिवतोय. डिस्क बारकी हाय, एकदा भरली की पहिल्यापासनं परत लिवतोय. तरी लावून बघतो.”

त्यानं डिस्क लॅपटॉपला जोडली आणि शोधणारा प्रोग्रॅम लावला. बराच वेळ तो चालला. काही फायली सापडल्या. त्यांची नावं गेली होती, नुसते आकडे होते. रसूल एकेक उघडत होता. बऱ्याच उघडल्याच नाहीत. एका फायलीत अर्धा मोर निघाला. मान होती, तुरा होता, मागं पिसाऱ्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. एका फायलीत तिनं सासूच्या मैत्रिणीला तिच्या मुलीच्या बाळंतविड्यासाठी करून दिलेली कुंचीवरची कमळं निघाली, तेवढी मात्र पूर्ण होती. सृष्टीची पाठ निघाली नाही.

संयोगिता त्या अर्ध्या मोराकडं बघत उभी राहिली. शेजारी धैर्यशील होता. त्याला वाटलं असेल की आता काहीतरी धीराचं बोलावं.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “डोक्यात हाय की तुझ्या सगळं. परत काढशील. तुला येतंय ते.”

ती वळली. हळदीच्या त्या अडतीत, बिराप्पाच्या आणि रसूलच्या देखत, ती जे बोलली ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं.

“मला येतंय म्हणून ते फुकट हाय का?” ती म्हणाली. “तुमच्या संस्थेतल्या पावत्या कुणी जाळल्या आणि म्हटलं, तुमाला लिवता येतंय की, परत लिवा, तर तुमी काय कराल? पोलिसात जाल. आणि माझं ते चित्रं. तुमी मला इचारलं न्हाई, त्याचा मला राग हायच. पण दुकानदारानं इचारलं, तवा तुमी माझ्या वतीनं सांगितलंत की त्यात काय न्हाई. सात वर्षं मी तुमच्या डोळ्यांम्होरं त्या खुर्चीत बसतीया. तुमाला वाटत होतं तरी काय, मी काय करतीया?”

धैर्यशील म्हणाला, “घरी जाऊन बोलू.”

“तुमी जावा,” ती म्हणाली.

सापडलेल्या फायली तिनं रसूलकडून पेनड्राईव्हवर घेतल्या. रसूलनं ती डिस्क तिला देऊ केली, बिराप्पाच्या कॅमेऱ्याला दुसरी घालतो म्हणाला. ती म्हणाली की राहू दे, त्यात आता माझं काही नाही. यार्डातून ती चालत बाहेर पडली, रिक्षानं स्टँडवर गेली आणि कराडच्या एसटीत बसली. धैर्यशील गाडी घेऊन स्टँडपर्यंत मागं आला होता. एसटी हलेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. तिनं समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहून त्याच्याकडं बघणं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सृष्टीला फोन केला. खरं ते सांगितलं. सृष्टी चिडली. लग्न तोंडावर आलंय, तुमच्या भरवशावर मी दुसरीकडं टाकलं नाही, म्हणाली. शेवटी फोन तिच्या आईनं घेतला आणि तीही बोलली. संयोगितानं सगळं ऐकून घेतलं. त्यांचा राग बरोबर होता. मुहूर्ताच्या आत ब्लाऊज पोचेल एवढं सांगून ती कॉम्प्युटरसमोर बसली.

तिनं आधी आलेखाचं ते चिन्ह काढून टाकलं. मग डिझाईनचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून घेतलं आणि कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. मग कोऱ्या पडद्यावर पहिला टाका मांडला.

मशीन वाऱ्यासारखं चालत होतं. रंग बदलला की क्षणात बदलत होता. मोठं केलं, फिरवलं, उलटं केलं तरी अडकत नव्हतं. जुनी डिस्क सोडली तर तिनं सांगितलं होतं तेच सगळं आत बसवलेलं होतं, तेवढी रॅम, तशीच एसएसडी. म्हणजे तिचं ऐकलेलं होतं, दोन वर्षं कानावर पडलेलं होतं. याचा तिला आणखी राग आला. हात इतके जोरात चालत होते की पहिल्या दिवशी वेल चुकली आणि सगळी पुसून पुन्हा घ्यावी लागली.

घरात तिनं स्वयंपाक सोडला नाही की बोलणं सोडलं नाही. मीठ हवंय का, गॅस संपलाय, एवढं बोलायची. तिसऱ्या दिवशी धैर्यशील पासवर्ड मागायला आला. ती नाही म्हणाली. तो म्हणाला की नव्या रॅमचे पैसे मी भरलेत. ती म्हणाली की काढून घेऊन जावा. त्यानं काढली नाही.

विजयमालाबाईंना हे पटत नव्हतं. एवढ्यावरनं घरात तोंड फिरवून बसायचं म्हणजे काय, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. पुरुषमाणसाच्या ध्यानात राहत न्हाईत असल्या गोष्टी, म्हणायच्या. पण एका दुपारी त्या आपली ट्रंक उघडून बसल्या आणि मग एक जांभळा ब्लाऊज घेऊन तिच्या टेबलाजवळ आल्या. नणंदेच्या लग्नात संयोगितानंच करून दिलेला.

“ही येल गेली का तुझी?” त्यांनी विचारलं.

“गेली आत्या.”

“ह्या बाहीवर हाय बघ. घे काढून.” आणि जाता जाता, “राग पुरे झाला आता,” असंही म्हणाल्या.

संयोगितानं तो ब्लाऊज उलटा केला आणि टाक्यांची मागची बाजू बघितली. कुठून सुई गेली ते मागून कळतं. तिनं फोटो काढून पडद्यावर घेतला आणि त्यावरून वेल पुन्हा मांडली. मग तिनं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. कुणी ब्लाऊज आणून दिले, कुणी फोटो पाठवले, काहींनी फोनच उचलला नाही. एका बाईनं ब्लाऊज जुना झाला म्हणून भांडीवालीला देऊन टाकला होता. हळूहळू काही परत जमलं. पुष्कळसं जमलं नाही.

सृष्टीचा ब्लाऊज वेळेत गेला. पहिल्या पाठीसारखा तो नव्हता. पहिली पाठ बरी होती असं संयोगिताचं अजून मत आहे. सृष्टीला फरक कळला नाही, तिनं लग्नातले फोटो पाठवले.

त्या लग्नसराईनंतर संयोगितानं उंब्रजच्या चौकात, मेडिकलच्या शेजारी, एक लहान गाळा भाड्यानं घेतला. ती हे घरात विचारत नव्हती, सांगत होती. विजयमालाबाई म्हणाल्या की लोक काय म्हणतील. मशीन हलवायच्या दिवशी धैर्यशीलनं रजा टाकली, टेम्पो बोलावला आणि कॉम्प्युटरचा डबा स्वतः मांडीवर घेऊन बसला. गाळ्यात सगळी जोडणी त्यानंच करून दिली. वायरी बांधून झाल्यावर खिशातून एक नवी बाहेरची डिस्क काढून टेबलावर ठेवली. रोज ह्याच्यात एक प्रत टाकत जा, म्हणाला.

तिनं डिस्क घेतली. आभार मानले नाहीत.

“अजून राग हाय?” त्यानं विचारलं.

“हाय,” ती म्हणाली. “तुमी चुकला म्हणून न्हाई. चुकतंय माणूस. तुमी अजून एकदासुद्धा इचारलं न्हाई, काय काय गेलं ते.”

तो वायरींचे उरलेले तुकडे गोळा करून गेला.

आता ती सकाळचा स्वयंपाक उरकून गाळ्यावर जाते ती संध्याकाळी परत येते. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज दिवसभर येतो. तिचं काम वाढलंय. दोन बायका हाताखाली शिकायला येतात. घरात बोलणं पहिल्यासारखं नाही, पण मिठाच्या आणि गॅसच्या पुढं गेलंय.

परवा संध्याकाळी धैर्यशील ऑफिसहून येताना गाळ्यावर थांबला. ती एका पैठणीच्या काठावरचा मोर बसवत होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, “आत येऊ का? त्या हळदीच्या अडतीत निघाला होता तो अर्धा मोर कुणाचा होता, ते इचारायचं होतं.”

संयोगितानं मान वर केली नाही. पिसाऱ्याची एक ओळ अर्ध्यात होती.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “एवढं झालं की सांगते. मोठं हाय.”

त्यानं बाहेरचं स्टूल ओढून घेतलं आणि तो बसला.